बारा वर्षांची कॉइल

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मालवणकडच्या किनाऱ्यावर एक आवाज घरोघर ऐकू येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. त्या दोन महिन्यांत पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवलेली होडीची इंजिनं आता बाहेर निघतात. पाण्याच्या पिंपाच्या काठाला फळी बांधायची, तिच्यावर इंजिन अडकवायचं, त्याचा पाय पाण्यात बुडवायचा आणि दोरी ओढायची. पहिल्या चार-पाच ओढींना नुसता खोकला येतो. मग एकदम फटफट सुरू होते, निळा धूर निघतो, पिंपातलं पाणी अंगणभर उसळतं आणि ओढणाऱ्याचे खांदे सैल पडतात.

शेजारच्या घरचा मुलगा बापाच्या मागे होडी सांभाळतो. त्याने इंजिनाचं टोपण काढून ठेवलं होतं. दोन सिलिंडरांचं, टू-स्ट्रोक आउटबोर्ड. इथे सगळे त्याला ‘ओबीएम’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘मशीन’. आत एका बाजूला काड्यापेटीहून जरा मोठे असे दोन काळे ठोकळे, आणि प्रत्येकातून एक जाड वायर निघून प्लगकडे गेलेली.

“काकानू, ह्यो दोनय कॉइल बारा वर्सांच्यो. अजून चलतत. पण दर्यात बंद पडल्यो तर? आताच बदलून टाकू काय?”

दारातून त्याची आई म्हणाली, “बदल रे बाबा. पैशे गेले तर जावंदेत, माका रात्री झोप व्हयी.”

मेस्त्री प्लग घासत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “चलता तेका हात लावू नको.”

मी वर्षानुवर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. फळ्यावर दोन वेटोळी आणि मध्ये लोखंडी गाभा असं चित्र किती वेळा काढलं त्याची गणती नाही. पण ही वस्तू किती जगते, कशी मरते आणि मरण्याआधी काही सांगते का, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी मेस्त्रींच्या डब्यातली एक मेलेली कॉइल मागून घेतली, घरी नेऊन शेगड्यात आवळली आणि हॅकसॉने मधोमध कापली.

कापलेला भाग पाण्याखाली धरला आणि मी तो बराच वेळ नुसता बघत राहिलो. मध्यभागी लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा. त्याच्याभोवती जाडसर तांब्याच्या तारेचे मोजके वेढे. त्याबाहेर प्लास्टिकच्या रिळाचे कप्पे, आणि त्या कप्प्यांत, करवतीने नुकती कापल्यामुळे चकाकणारी, हजारो लालसर टिंबं. प्रत्येक टिंब म्हणजे एका तारेचं कापलेलं टोक. तार माणसाच्या केसासारखी बारीक, तिच्यावर इनॅमलचा पापुद्रा, आणि सगळ्यावर ओतलेली, घट्ट झालेली काळी इपॉक्सी.

आत तार किती असेल? हे मोजायला ती उलगडावी लागत नाही, आणि ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. तांब्याची तार ०.०५ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा रोध दर मीटरला साडेआठ ओहमच्या आसपास येतो. अशा चांगल्या कॉइलच्या बारीक वेटोळ्याला मीटर लावला आणि काटा ४,००० ओहमवर थांबला, तर भागाकार करा: सुमारे ४७० मीटर. मुठीत मावणाऱ्या ठोकळ्यात जवळजवळ अर्धा किलोमीटर तांबं. पंधरा-वीस रुपयांच्या सेलवर चालणारा मीटर इथे शिंप्याच्या टेपचं काम करतो, आणि तेही ज्या जागी डोळा कधीच पोचणार नाही तिथे.

आता ही तार काय करते ते बघू. या इंजिनाला बॅटरी नाही. वर फिरणाऱ्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, चुंबकं बसवलेली असतात. ती एका वेटोळ्यासमोरून जातात, वेटोळ्यात वीज उपजते आणि दोनशे-तीनशे व्होल्टच्या दाबाने एका कपॅसिटरमध्ये साठते. पिस्टन नेमक्या जागी आला की एक इलेक्ट्रॉनिक फाटक उघडतं आणि ती साठलेली वीज एका झटक्यात आपल्या ठोकळ्यातल्या जाड तारेतून वाहते. यालाच मेस्त्री ‘सीडीआय’ म्हणतात. जाड तारेच्या एका वेढ्यामागे बारीक तारेचे ऐंशी-शंभर वेढे, म्हणून तीनशे व्होल्टचे पंचवीस-तीस हजार होऊ शकतात. पहिल्या दोरीला, इंजिन चालू होण्याआधी, ही सगळी वीज कुठून आली? ओढणाऱ्याच्या दंडातून. सकाळी खाल्लेल्या पेजेतली ताकद चुंबकांतून, कपॅसिटरमधून आणि अर्ध्या किलोमीटर तांब्यातून फिरून प्लगच्या टोकाशी ठिणगी होऊन पडते.

त्या ठिणगीतली ऊर्जा मात्र अगदी थोडी. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तीनशे व्होल्टला भरला तर त्यात ०.०४५ जूल मावतात. टेबलावरचं एक लिंबू दहा सेंटिमीटर उचलायला साधारण एवढंच लागतं. पण ही ऊर्जा सेकंदाच्या काही लाखांश भागांत, मिलिमीटरभर फटीत रिकामी होते, आणि त्या फटीतली हवा क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक तापते.

लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून मायकेल फॅरडेने हे प्रथम पाहिलं ते २९ ऑगस्ट १८३१ रोजी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. त्याला दिसलेली गोष्ट साधी आणि विलक्षण होती. एका वेटोळ्यात वीज वाहत असताना दुसऱ्यात काहीच होत नव्हतं. सुई हलत होती ती फक्त जोडताना आणि तोडताना. वाहत्या विजेला शेजारचं वेटोळं ओळखच देत नाही, बदलाला मात्र लगेच ओ देतं, आणि बदल जितका झटपट तितका तो प्रतिसाद मोठा. आयर्लंडमध्ये मेनूथच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या निकोलस कॅलन या धर्मगुरूने १८३६ मध्ये यातूनच उच्च दाबाची कॉइल बनवली. पुढे पॅरिसमध्ये उपकरणं घडवणाऱ्या हाइनरिश रूमकॉर्फने ती इतकी सुधारली की १८६४ मध्ये त्याला ५०,००० फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक मिळालं. १८६० च्या लेन्वारच्या गॅस-इंजिनात ठिणगी टाकायला अशीच कॉइल होती. हर्ट्झने १८८७ मध्ये रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या अशाच कॉइलच्या ठिणग्यांनी, आणि १८९५ मध्ये राँटगेनच्या नळीला क्ष-किरण द्यायला लावणारा दाबही हिचाच. माझ्या हातातला काळा ठोकळा त्या सगळ्यांचा सख्खा वंशज. म्हणून तो टोपणाखाली, मिठाच्या आणि तेलाच्या वासात बसलेला बघितला की मला भरून येतं.

त्याच्याकडून आपण किती काम घेतो ते एकदा मांडून बघू. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला ४,००० फेरे धरले तर तासाला २ लाख ४० हजार. शेजारच्या मुलाची होडी जाळी टाकायला-काढायला जवळच्या पाण्यात जाते, वर्षाकाठी अडीचशे तास इंजिन चालत असेल. बारा वर्षांचे ३,००० तास. म्हणजे एका कॉइलने ७२ कोटी ठिणग्या दिल्या. आपलं हृदय मिनिटाला ७२ वेळा धडधडतं असं धरलं तर तेवढ्या ठोक्यांना १ कोटी मिनिटं लागतील, म्हणजे १९ वर्षं. जन्मापासून कॉलेजात जाईपर्यंत हृदय जितकं धडधडतं तितक्यांदा हा ठोकळा वीस हजार व्होल्ट झेलून मोकळा झालेला, आणि त्यात हलणारा भाग एकही नाही.

हलणारा भाग नाही, म्हणजे झिजणारंही काही नाही. मग तो मरतो कशाने?

कापलेल्या तुकड्याकडे भिंगातून बघताना मला इपॉक्सीत मोहरीहून बारीक एक पोकळी दिसली. इपॉक्सी ओतताना अडकलेला हवेचा बुडबुडा. चांगले कारखाने ओतताना निर्वात करून हे बुडबुडे खेचून काढतात. काही तरीही राहतात, आणि घाईत बनवलेल्या मालात पुष्कळ राहतात. इपॉक्सी एका मिलिमीटरला पंधरा-वीस हजार व्होल्ट सहज पेलते. हवा साध्या दाबाला पेलते जेमतेम तीन हजार. त्यात निसर्गाचा नियम असा की अशा पोकळीतल्या हवेवर विजेचा ताण भोवतीच्या इपॉक्सीपेक्षा जास्तच पडतो. ज्याची पाठ कमजोर त्याच्याच डोक्यावर जड पाटी. मग बुडबुड्याच्या आत, बाहेर कुणालाही न दिसणारी, एक चिमुकली ठिणगी पडते. ती पोकळीची भिंत किंचित जाळते. पुढच्या फेऱ्याला आणखी थोडी. हळूहळू तिथून एक बारीक जळकी रेघ निघते, तिला फांदी फुटते, फांदीला फांदी. वीज-अभियंते याला झाडच म्हणतात, कारण पारदर्शक प्लास्टिकात ते पाहिलं तर हुबेहूब निष्पर्ण झाडासारखं दिसतं. लिख्टेनबेर्गने १७७७ मध्ये राळेच्या तबकडीवर धूळ टाकून विजेच्या असल्याच फांद्या पाहिल्या होत्या. ज्या दिवशी फांदी पलीकडच्या तारेपर्यंत पोचते, त्या दिवशी ठिणगीला प्लगपेक्षा सोपी वाट सापडते आणि ती पुन्हा कधी प्लगकडे जात नाही.

दुसरा मार्ग उष्णतेचा. तांबं तापल्यावर जितकं फुगतं त्याच्या साधारण तिप्पट साधी इपॉक्सी फुगते. म्हणून प्रत्येक खेपेला, गार इंजिन तापून पुन्हा गार होईपर्यंत, केसाएवढी तार आणि तिच्याभोवतीचा दगड एकमेकांना ओढतात. कधी तार तुटते, पण दोन्ही टोकं टेकलेली राहतात. गार असताना काम चालतं, तापलं की टोकं दूर होतात. असं इंजिन अर्धा तास छान चालतं, मग एका प्लगवर येतं, आणि बंदराला लावून मेस्त्रींना दाखवेपर्यंत गार होऊन पुन्हा गुणी झालेलं असतं. शिवाय उष्णता इनॅमललाही म्हातारं करते. वीज-अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे की दर आठ-दहा अंश वाढीव तापमानाला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ज्याच्या इंजिनात थंड पाणी खेळवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा झिजलाय, त्याच्या कॉइलचं वर्ष माझ्या-तुमच्या वर्षाएवढं नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त चकित करून गेली. आपल्याला वाटतं कॉइल दर वेळी तीस हजार व्होल्ट देते. तसं नाही. दाब शून्यापासून चढू लागतो आणि प्लगच्या फटीतली हवा ज्या क्षणी हार मानते त्या क्षणी चढायचा थांबतो. नवा प्लग, नीट राखलेली फट असेल तर तो बऱ्याच खाली थांबतो. प्लगचं टोक झिजून फट रुंदावली की जास्त चढावं लागतं. प्लगची टोपी निसटली, वायर लोंबकळत राहिली, आणि कोणी तशीच दोरी ओढली, तर दाब वाट शोधत थेट माथ्यापर्यंत जातो आणि तो सगळा ताण त्या बारीक तारेच्या वेढ्यांवर, त्या बुडबुड्यांवर येतो. फटीला किती व्होल्ट लागतात हे फटीची रुंदी आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं, हे फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये दाखवलं. थोडक्यात, कॉइलला किती सोसावं लागणार हे कॉइल ठरवत नाही, प्लग ठरवतो. बारा वर्षं कॉइल टिकवायची असेल तर पैसा प्लगवर खर्च करावा, असं मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा मेस्त्रींनी पहिल्यांदा मान वर केली.

आता मूळ प्रश्न. चालू असलेली जुनी कॉइल काढून नवी बसवावी का?

यावर दुसऱ्या महायुद्धातली एक हकिकत फार मोलाची आहे, आणि तीही समुद्रावरचीच. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची विमानं अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधत फिरत. उड्डाणाचे दर ५० तास भरले की प्रत्येक विमानाची ठरलेली तपासणी आणि देखभाल होई. कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन हा खरा जीवशास्त्रज्ञ, पण युद्धकाळात त्या कमांडच्या संशोधन-गटात होता. त्याने लिबरेटर विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासणीनंतर किती तासांनी झाल्या त्याप्रमाणे मांडल्या. तपासणी उपयोगी असेल तर तिच्यानंतर बिघाड कमी असायला हवेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढायला हवेत. दिसलं ते उलटं. बिघाड तपासणीनंतर लगेच सर्वाधिक, आणि मग उड्डाणं होत जातील तसे कमी-कमी. सुरळीत बसलेल्या यंत्रणेला हात लावल्यामुळेच काही बिघडत होतं. त्याने सुचवलं की तपासण्यांमधलं अंतर वाढवा आणि ज्या कामांचा उपयोग दाखवता येत नाही ती सोडून द्या. युद्धाच्या धामधुमीत, जिथे एकेका विमानावर माणसांचे जीव टांगलेले होते, तिथे कमी हात लावा असं सांगायला काय धैर्य लागलं असेल याचा मी विचार करतो.

ही हकिकत मी पडवीत सांगितली. मेस्त्रींनी ती शांतपणे ऐकली आणि इंजिनाच्या कुशीतला एक बोल्ट दाखवला. कॉइल धरून ठेवणारा पोलादी बोल्ट, अॅल्युमिनियमच्या अंगात बारा वर्षं रुतलेला, भोवती मिठाची पांढरी बुरशी. तो सोडवताना तुटला तर? कॉइलचा अर्थिंगचा रस्ता पुष्कळ इंजिनांत त्याच बोल्टातून जातो. नवी कॉइल बसवली आणि तो नीट आवळला गेला नाही, तर कोऱ्या कॉइलची ठिणगी जुनीपेक्षा वाईट. माझं पुस्तक आणि त्यांचा हात एकाच ठिकाणी येऊन पोचले होते.

१९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्समधल्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाचे भाग वयानुसार कसे बिघडतात याचे त्यांना सहा नमुने दिसले. वय वाढेल तसा धोका वाढतो, हा आपल्या सगळ्यांच्या मनातला नमुना फक्त ११ टक्के भागांना लागू पडत होता. ६८ टक्के भागांत धोका सर्वांत जास्त होता तो नवेपणी, आणि ती सुरुवात निभावली की पुढे तो जवळजवळ सपाट. विमानाचा भाग आणि होडीची कॉइल एक नव्हेत, हे मला मान्य आहे. पण ज्या ठोकळ्यात हलणारं काही नाही आणि ज्याचं भवितव्य ओततानाच अडकलेल्या बुडबुड्यावर ठरतं, त्याला हे चित्र बरंच जवळचं आहे. वाईट बुडबुड्याची कॉइल पहिल्या काही महिन्यांतच जाते. ७२ कोटी ठिणग्या देऊनही जी उभी आहे तिने आपली परीक्षा दिलेली आहे, आणि पुडक्यातून काढलेल्या नव्या कॉइलने अजून एकही दिलेली नाही.

स्वीडनचा वालोडी वाइबुल तरुणपणी तिथल्या किनारी तोफखान्यात होता. १९५१ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्याने बिघाडाचं एक सूत्र मांडलं, त्यात एकच आकडा सगळं सांगून जातो. तो १ पेक्षा कमी असेल तर वस्तू नवी असताना जास्त मरते, १ असेल तर तिला वयच नाही, १ पेक्षा जास्त असेल तर ती झिजते. आधीच बदलण्यात अर्थ आहे तो फक्त तिसऱ्या प्रकारात. तिथेही, भर समुद्रात बंद पडण्याचं नुकसान घरी सावकाश बदलण्याच्या खर्चाहून खूप मोठं असेल तरच. पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा तिसऱ्या प्रकारातला. तो मी डोळे मिटून मुदतीवर बदलीन. कॉइलला मात्र मी तारखेवरून काढणार नाही.

पण म्हणून त्या आईची भीती चुकीची ठरत नाही. खाडीच्या मुखाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तिथे इंजिन बंद पडणं म्हणजे काय हे तिने या किनाऱ्यावर जन्म काढून पाहिलंय. दोन सिलिंडर, दोन स्वतंत्र कॉइल असतील तर एक गेली तरी दुसऱ्या प्लगवर, धापा टाकत का होईना, घरी येता येतं. एकच सिलिंडर असेल, किंवा एकाच ठोकळ्यातून दोन्ही प्लगना वायर जात असेल, तर ती सवलत नाही, आणि अशा इंजिनवाल्याला मी निराळं सांगितलं असतं. त्याने वय बघायच्या आधी, कुठवर जातो ते बघावं.

म्हणून वय सोडून आम्ही कॉइललाच विचारायचं ठरवलं. आधी मीटर. वरची ४,१००, खालची ४,०००. प्लगची टोपी काढून, कारण तिच्यात वेगळा रोध असू शकतो. तार अखंड आहे एवढं यातून कळलं, याहून जास्त नाही. मीटरचा सेल दीड व्होल्टचा, आणि ज्या भिंतीची परीक्षा घ्यायची ती वीस हजारांची. गुडघाभर पाण्यात टिकलेला बांध पुरात टिकेल का, हे गुडघाभर पाणी कसं सांगणार? त्यासाठी मेस्त्रींकडे फट बदलता येणारा टेस्टर आहे. उघड्या हवेत प्लगची छोटी फट कुणीही ओलांडतं. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेत ती ओलांडणं कठीण. म्हणून बाहेर तपासताना फट मोठी ठेवतात, काही जुन्या बनावटींत सुमारे ११ मिलिमीटर. ती ओलांडताना ठिणगी निळी, कडक, चटचट वाजणारी हवी. पिवळी, रेंगाळणारी नको.

मग रात्री, अंगणातला दिवा मालवून, सगळ्यांत सुंदर परीक्षा. इंजिन पिंपात सुरू केलं, टोपण काढलेलं, पेट्रोलचा डबा दूर नेलेला, आम्ही हात मागे बांधून उभे. मुलाने लांबूनच कॉइलवर पाण्याचा बारीक फवारा मारला. कुठे चीर असेल तर अंधारात तिथे निळसर धुगधुगी दिसते, मुंगीएवढी ठिणगी अंगावरून धावते, ओझोनचा तो तिखट, पावसाळी विजेनंतर येतो तसा वास येतो. आम्ही चौघं श्वास रोखून बघत होतो. आईसुद्धा. दोन्ही ठोकळे अंधारातच राहिले. एका वायरच्या टोपीपाशी मात्र क्षणभर निळं काहीतरी लुकलुकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रबर तडकलेलं. बारा वर्षांच्या कॉइलबद्दल भीती, आणि दोष निघाला बोटभर रबराच्या टोपीत.

तडा दिसला असता, इपॉक्सी फुगून पाझरली असती, तापल्यावर ठिणगी हरवत असती, किंवा कॉइल एकमेकींच्या जागी बसवल्यावर दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे सरकला असता, तर मी क्षणभरही थांबलो नसतो. आणि दोघींपैकी एक जरी वयाने तडकलेली निघाली असती तरी दोन्ही बदलायला सांगितलं असतं. एकाच घाण्यातल्या, एकाच उष्णतेत वाढलेल्या बहिणी त्या. एकीचं दुखणं दुसरीला असण्याचा संभव मोठा.

पण तसं काही नव्हतं. तरी होडीत एक पारखलेली कॉइल जादा असावी म्हणून आम्ही असं केलं: एकच नवी कॉइल आणली, ओळखीच्या दुकानातून, मूळ बनावटीची. बोल्टांवर दोन दिवस गंज सोडवणारं तेल टाकलं. घाई नाही, पाऊस नाही, भरती-ओहोटी नाही, अशा निवांत सकाळी मेस्त्रींनी वरची जुनी काढून नवी बसवली. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, दोन्ही प्लग नवे घातले, दोन्ही टोप्या नव्या. पहिले पंधरा दिवस होडी किनारा दिसेल इतक्याच अंतरात फिरायची असं ठरलं, कारण नवी कॉइल दगा देणार असेल तर बहुधा तेव्हाच देईल. आणि वरची जुनी, ७२ कोटी ठिणग्यांची, फेकली नाही. तिला प्लास्टिकच्या पिशवीत, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यात दहा नंबरचा पाना. तो डबा आता होडीच्या नाळेत असतो. समुद्रात काही झालं तर हातात येईल ती पुडक्यातली अनोळखी वस्तू नसेल, बारा वर्षं पारखलेली असेल.

मुलाने टोपण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: तारीख, ‘वरची नवी’, ‘खालची ४,०००’. खाली पुढच्या श्रावणातल्या आकड्यासाठी दोन ओळी मोकळ्या सोडल्या, मग टोपण बसवून दोरी ओढली.